ठोकळ्यांचा खेळ आणि मालकीचा प्रश्न

संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्या शिक्षित वर्गाचे मत आहे आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि, वरून पडणारे ठोकळे रचावयाच्या ‘टेट्रिस’ या खेळाची जन्मकथा पाहिली, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीत विचार करण्याजोगे पुष्कळ सापडते.

१९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी हा खेळ रचला. त्यांच्यापुढील ‘एलेक्त्रोनिका ६०’ या यंत्राला चित्रे काढता येत नसल्याने ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवावे लागले. चार-चार चौकोनांच्या सात आकृती आणि भरताच नाहीशी होणारी ओळ, एवढाच काय तो पसारा. या काटकसरीमुळेच तो लहान यंत्रांवरही चालू शकला. भारतात परवान्याने विकला गेलेला स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडावा लागे आणि खेळ कॅसेटवरून चढवावा लागे. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. त्या यंत्रासाठीही १९८८ मध्ये टेट्रिस निघाला.

पण या निर्मितीचे फळ कोणाला मिळाले? पाजित्नोव्ह सरकारी नोकर होते. त्यांनी दहा वर्षांसाठी हक्क राज्याकडे सोपविले आणि परदेशी कंपन्यांशी करार ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेने केले. १९८९ मध्ये निन्तेंदोच्या ‘गेम बॉय’बरोबर हा खेळ कोट्यवधी हातांत गेला, कर्त्याला मोबदल्याचा वाटा मिळू लागला तो मात्र १९९६ पासून. हा दोष केवळ सोव्हिएत व्यवस्थेचा, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसारही, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणाराच ठरतो.

धानोरा तालुक्याला हा प्रश्न अपरिचित नाही. मेंढा (लेखा) येथे जंगल पूर्वीही होते, बांबू होता, तोडणारे हातही होते. बांबू मात्र कागद कारखान्याकडे जाई. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, २०११ मध्ये वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबूचा पैसा गावात राहू लागला. बांबू तोच होता. बदलला तो हक्क.

आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील साधा मोबाइलही त्या मॉस्कोच्या यंत्राहून कितीतरी पटींनी समर्थ आहे. तरीही आपली मुले दुसऱ्यांनी रचलेले खेळ खेळणारी गिऱ्हाइकेच राहिली आहेत. त्यांना खेळापासून परावृत्त करण्यापेक्षा खेळ रचावयास शिकविणे अधिक हिताचे होय. आणि हे शिक्षण देताना, संगणकाची भाषा शिकविणाऱ्याच वर्गात करारनामा कसा वाचावा, आपल्या कृतीवरील हक्क कसा राखावा, हेही शिकविले गेले पाहिजे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावयाची गरज नाही.