सोन्याचा धूर

“पूर्वी आमच्या घरी सोन्याचा धूर निघत असे,” हे वाक्य विद्यार्थिमित्रांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले असेल. संपन्नतेचे वर्णन करण्याची ती एक रीत होय. त्यात खरा धूर कोणी शोधावयाचा नसतो. परंतु या भूतलावर असे एक खोरे आहे, की जेथे सोन्यापायी अक्षरशः धूर निघत असे, आणि तोही बर्फाच्छादित भूमीतून! त्या खोऱ्याच्या मुखाशी वसलेल्या डॉसन सिटी या चिमुकल्या गावाची कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाचा विस्तीर्ण व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. तेथे युकॉन व क्लॉन्डाइक या दोन नद्यांच्या संगमावर, ६४ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, हे गाव आहे. जून महिन्यात तेथे खरा काळोख असा पडतच नाही. उलट डिसेंबरात सूर्य डोंगरामागून डोके वर काढीत नाही आणि पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. २०२१ सालच्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या सोळाशेच्याही आत भरली.

या संगमावर ट्रॉन्डेक ह्वेचिन नावाचे मूळ रहिवासी शतकानुशतके सॅमन मासे पकडीत आले होते. नदीच्या तळात दगडाने ठोकून खुंट रोवावयाचे आणि त्यांच्या आधाराने मासे अडवावयाचे, अशी त्यांची पद्धत. त्या ठोकण्याच्या दगडावरूनच नदीला त्यांच्या भाषेत नाव पडले. गोऱ्यांच्या जिभेला ते उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘क्लॉन्डाइक’ झाले. ज्या शब्दाने पुढे जगाला सोन्याचे वेड लावले, तो मूळचा मासेमारीचा शब्द होता!

१८९६ सालच्या ऑगस्ट महिन्यात या नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. त्या वेळी तेथे जॉर्ज कारमॅक हा अमेरिकन गृहस्थ, त्याची पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली असे चौघे आप्त होते. सोने प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले याविषयी मतभेद आहेत; परंतु शोधाचा मान सरकारदफ्तरी कारमॅकच्या नावे नोंदला गेला. त्याच्याबरोबरचे तिघे तेथील मूळ जमातींपैकी होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लवकरच संगमावर नगर आखले गेले आणि जॉर्ज डॉसन या भूशास्त्रज्ञाचे नाव त्यास देण्यात आले.

आता त्या धुराचे रहस्य सांगतो. डोंगरातील खडक झिजून त्यांतील सोन्याचे कण प्रवाहाबरोबर खाली येतात. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड; त्यामुळे ते वाळूतून खाली खाली उतरत तळच्या खडकावर जाऊन बसते. क्लॉन्डाइकच्या खोऱ्यात तेथवर पोहोचावे, तर वरची जमीन बारमाही गोठलेली, दगडासारखी कठीण! म्हणून खाणकरी हिवाळ्यात जमिनीवर लाकडे पेटवीत, विरघळलेली माती उकरून काढीत आणि त्या खड्ड्यात पुन्हा विस्तव घालीत. असे करीत विहिरीसारखे खोल उतरावयाचे. मातीचे ढीग वसंतऋतूपर्यंत तसेच पडून राहत. बर्फ वितळून पाणी वाहू लागले, की ती माती लाकडी पन्हळांतून धुऊन सोने वेगळे करीत. साऱ्या हिवाळाभर खोऱ्यावर दाट धूर पसरलेला असे. सोन्याचा धूर तो हाच!

१८९७ सालच्या जुलैत या खोऱ्यातील सोने घेऊन दोन आगबोटी सॅन फ्रान्सिस्को व सिॲटल या बंदरांस लागल्या, आणि वार्ता वणव्यासारखी पसरली. सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून निघाली असे मानतात. कारकून, शिक्षक, दुकानदार, शेतकरी, सारेच त्यांत होते. वाटेत चिलकूट नावाची खडी, हिमाच्छादित खिंड. तिच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस वर्षभराच्या शिधासामग्रीवाचून कोणास पुढे जाऊ देत नसत, कारण तसे न केल्यास उपासमार अटळ होती. हे ओझे सुमारे एक टन भरे. ते पाठीवरून वर न्यावयाचे, तर एकच चढ वीस-तीस वेळा चढावा लागे! १८९८ सालच्या एप्रिलमध्ये त्या वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. बाकीच्यांनी पलीकडच्या सरोवराकाठी झाडे तोडून होड्या बांधल्या, आणि बर्फ फुटताच सात हजारांवर होड्या डॉसनच्या दिशेने निघाल्या.

जे तीस-चाळीस हजार लोक अखेर पोहोचले, त्यांच्या वाट्यास काय आले? चांगल्या ओढ्यांवरील बहुतेक जागा ते घरून निघण्यापूर्वीच इतरांच्या नावे झाल्या होत्या. कोणी मजुरी पत्करली, कोणी सामान विकून माघारी फिरले. १८९९ साली अलास्कातील नोम येथे सोने सापडल्याची बातमी आली, तेव्हा त्या एका उन्हाळ्यात हजारोंनी डॉसन सोडले. पुढे बड्या कंपन्यांची अजस्र यंत्रे आली आणि त्यांनी नद्यांचे तळ उपसून दगडगोट्यांच्या रांगाच्या रांगा मागे टाकल्या. डिचोली वा सांग्याकडील खनिजाचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगावयास नको. १९५३ साली प्रदेशाच्या राजधानीचा मानही डॉसनकडून गेला.

परंतु आमच्या मते या कथेतील सर्वांत मोलाचा ठेवा सोने नव्हे. परक्यांच्या लोंढ्याने मूळ रहिवाशांची मासेमारीची जागा गिळली, तेव्हा त्यांचा प्रमुख आयझॅक याने १८९७ साली आपल्या लोकांना पाच किलोमीटर खालच्या मूसहाइड या ठिकाणी नेले. या कोलाहलात आपली गाणी व नृत्ये टिकणार नाहीत, हे त्या दूरदर्शी पुरुषाने ओळखले. आणि अलास्कातील आप्तांना ती शिकवून त्यांच्या हाती ठेव म्हणून सोपविली. ठेव ठेवणारा गेला, पिढ्या गेल्या. पण आप्तांनी ती मोडली नाही. १९९० नंतरच्या दशकात त्याचे वंशज तिकडे गेले आणि आपली गाणी पुन्हा शिकून घरी घेऊन आले. १९९८ साली त्यांना स्वशासनाचा करार मिळाला, आणि २०२३ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला.

घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलत वाढलेल्या आम्हांस ही हकिकत विशेष जवळची वाटते. डॉसनचे सोने ज्यांनी नेले, त्यांतील बहुतेकांचे ते हातोहात संपले. आयझॅकने मात्र आपला ठेवा विकला नाही, पुरलाही नाही. जपणाऱ्याच्या कंठात ठेवला, आणि तो तसाच्या तसा परत मिळाला. विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीला तिचे एखादे जुने गाणे म्हणावयास सांगा, आणि ते नीट पाठ करा.