खरेदीचा प्रवास : भाडे वाचवा, पण माल आणि जीव सांभाळा

आपल्या समाजातील लहान दुकानदार आणि कारागीर धंद्याचा हिशेब मांडताना मालाची किंमत लिहितात, दुकानाचे भाडे लिहितात, विजेचे बिल लिहितात. परंतु माल आणण्यासाठी जो प्रवास करावा लागतो त्याचा खर्च मात्र खिशातून जातो आणि खिशातच विसरला जातो. महिन्याअखेर 'धंदा तर बरा झाला, मग पैसे गेले कुठे?' असा प्रश्न पडतो. त्याचे निम्मे उत्तर बसच्या तिकिटात असते.

मालेगावचेच उदाहरण घ्या. यंत्रमागाचे एवढे मोठे शहर, पण शहरात रेल्वे स्थानक नाही. रेल्वे पकडायची तर मनमाड गाठावे लागते. म्हणून मुंबईच्या मंगलदास मार्केटला जायचे असो की सुरतच्या रिंग रोडवरील कापड बाजाराला, बहुतेकांची भिस्त रात्रीच्या बसवर असते. सोलापूरचा बांगडीवाला हैदराबादच्या लाड बाजारला निघतो तेव्हा त्याच्यापुढेही हाच हिशेब असतो.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, एका दुकानदाराने 15,000 रुपयांचा माल आणला आणि त्यावर शेकडा 12 सुटले. नफा झाला 1,800 रुपये. येण्याजाण्याचे भाडे, रिक्षा, हमाली, दोन वेळचे जेवण आणि एक मुक्काम मिळून 1,500 रुपये गेले, तर हाती राहिले 300. दोन दिवस दुकान बंद राहिले ते वेगळेच. म्हणजे हा माणूस धंदा स्वतःसाठी करतो की बसवाल्यासाठी, असे कोणी विचारले तर रागावू नये.

यावर पहिला उपाय म्हणजे फेऱ्या कमी करणे. आमच्या मोहल्ल्यातील तीन दुकानदारांनी आपसात ठरवले की दर खेपेला एकानेच जायचे आणि तिघांची खरेदी करायची. खर्च तिघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला 500 रुपये येतात. घाऊक पेढीवर तिघांचा माल एकत्र घेतला तर भावातही थोडी सवलत मिळते. मात्र यात एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी लागते. तिचा धडा आम्ही महाग मोल देऊन शिकलो. तो पुढे सांगतो.

दुसरा उपाय म्हणजे एसटीच्या सवलती माहीत करून घेणे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी ही सामान्य माणसाची गाडी आहे. 25 जानेवारी 2025 पासून तिचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले हे खरे. तरीही काही सवलती अशा आहेत की त्यांचा धंद्याला थेट उपयोग होतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. घरी शिवणकाम किंवा भरतकाम करणाऱ्या भगिनी आपला माल आपणच पारखून आणू लागल्या तर तिकीट निम्मे आणि निवड पुरी. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे भाडे आहे आणि 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. दुकान मुलाच्या हाती सोपवून घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांची कापडावरची नजर अजून शाबूत असते. प्रकृती साथ देत असेल तर त्यांना सोबत न्यायला हरकत नाही.

येथे एक सूचना. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. सुरत किंवा हैदराबादचे तिकीट काढताना हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण द्यावे लागते. कर्नाटक आणि तेलंगणात महिलांना तेथील सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे असे ऐकून काही जणी निघतात, पण 2023 साली सुरू झालेल्या त्या योजना त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहेत.

ज्यांना एकाच फेरीत चार गावे करायची असतात, उदाहरणार्थ वसुली, नमुने दाखवणे, मागणी घेणे, त्यांनी एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' या पासची चौकशी करावी. 1988 पासून चालू असलेला हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. जवळजवळच्या गावांसाठी तो परवडत नाही, लांबच्या फिरतीला परवडतो. आधी सुट्या तिकिटांची बेरीज करावी, मग ठरवावे.

आता खाजगी गाड्यांविषयी. त्या वेळेवर मिळतात, झोपून जाता येते, म्हणून लोक त्यांना पसंती देतात. त्यात वावगे काही नाही. पण ईद-दिवाळीच्या दिवसांत भाडे एकदम दुप्पट-तिप्पट सांगितले जाते आणि आपण मुकाट्याने देतो. राज्य शासनाने 27 एप्रिल 2018 च्या निर्णयाने असे ठरवून दिले आहे की, खाजगी बसने त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये. म्हणून आधी एसटीचे भाडे विचारून ठेवावे. एसटीचे 600 असेल तर खाजगीचे 900 पर्यंत चालेल. त्यावर मागितले तर तिकीट जपून ठेवून परिवहन कार्यालयात तक्रार करता येते. तिकिटावर रक्कम लिहिलेली नसेल तर मात्र तक्रारीला पायच उरत नाही.

आणि आता आमचा धडा. काही वर्षांपूर्वी आम्ही मुंबईहून तीन गठ्ठे घेऊन एका खाजगी गाडीने निघालो. एक गठ्ठा आमचा, दोन शेजाऱ्यांचे. गाडी थेट आहे असे सांगितले होते. रात्री दोनच्या सुमारास महामार्गावरील एका हॉटेलपाशी सर्वांना उतरवून दुसऱ्या गाडीत बसवले. अंधारात पोऱ्याने डिक्कीतून माल काढला. झोपेच्या भरात आम्ही मोजला नाही. घरी आलो तर गठ्ठे दोनच. तिसरा पहिल्या गाडीबरोबर गेला तो गेलाच. तो होता शेजारच्या शिंपीभाईंचा, ईदच्या ऑर्डरींचे कापड, 9,000 रुपयांचे. गाडीच्या कचेरीत विचारले तर उत्तर मिळाले, 'पावती दाखवा.' सामानाचे 100 रुपये आम्ही दिले होते, पण पावती घेतली नव्हती.

शिंपीभाई एक शब्द बोलले नाहीत. पण त्या ईदला त्यांच्या दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइके भांडत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते, ते आम्ही पाहिले. अमानत म्हणून घेतलेला माल होता. चार महिन्यांत हप्त्याने पैसे फेडले. पैसे फिटले, पण शिंपीभाईंनी पुढच्या खेपेपासून स्वतः जायला सुरुवात केली. एका पावतीपायी तिघांची भागीदारी मोडली.

म्हणून सांगतो, एकत्र खरेदी करणाऱ्यांनी निघण्याआधी चार ओळी लिहून काढाव्यात : कोणाचा किती माल, वाटेत नुकसान झाले तर ते एकट्याचे की वाटून घ्यायचे. लिहिण्याने दोस्ती कमी होत नाही, टिकते. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव आणि गाव ठळक लिहावे. सामानाची पावती घेतल्याशिवाय डिक्की बंद होऊ देऊ नये. गाडी बदलली तर आधी माल मोजावा, मग चढावे. घाऊक पेढीचे बिल मालाबरोबर न ठेवता स्वतःजवळ ठेवावे. राज्याबाहेरून 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा माल आणताना ई-वे बिल लागते, ते पेढीकडूनच करून घ्यावे. रोख रक्कम नेण्याचे दिवसही आता गेले. पेढीच्या खात्यावर पैसे भरून निघालात तर रात्री झोप लागेल.

हक्काची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली सेवा वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून पोट भरणारा माणूस ग्राहकच मानला आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. 1915 या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण तेथेही पहिला प्रश्न पावतीचाच असतो.

शेवटी जिवाविषयी. 1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 माणसे गेली. गाडीत बसताच संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा कोठे आहे, तो उघडतो का, हे पाहून ठेवावे. आणि एक कबुली आपणही दिली पाहिजे. हमाली वाचवण्यासाठी आपले गठ्ठे दोन ओळींमधल्या वाटेत आपणच ठेवतो. प्रसंग आला तर त्याच गठ्ठ्यांना अडखळून कोणाची तरी म्हातारी आई पडेल.

50 रुपये वाचवण्यासाठी कोणाची वाट अडवू नये आणि पावती मागायची लाज वाटली म्हणून कोणाची अमानत घालवू नये. बचत करावी ती फेऱ्यांत, सवलतींत आणि आधी केलेल्या हिशेबात. पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी कागद-पेन्सिल घेऊन एवढे जरूर करावे.