ओझोनचा धडा आणि हवामानाचा हिशेब

आंतरराष्ट्रीय राजकारणात नीतीला स्थान नसते, तेथे केवळ बळ आणि स्वार्थ यांचेच चलन चालते, असे मानण्याचा प्रघात आहे. पर्यावरणविषयक चळवळीने या समजुतीला काही अंशी छेद दिला. तथापि तो कसा दिला, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

शीतकपाटांत व फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा थर विरळ होईल, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट उजेडात आली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. करारात सामील न होणाऱ्या राष्ट्रांशी या रसायनांचा व्यापार करण्यावर त्यात निर्बंध होते. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. द्रव्यसाहाय्याची ठोस व्यवस्था मात्र नव्हती.

भारत व चीन बाहेरच राहिले. थर विरळ केला तो मुख्यतः धनिक राष्ट्रांनी. मग पर्यायी तंत्राची किंमत गरिबांनी का मोजावी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर १९९० च्या लंडन बैठकीत बहुपक्षीय निधीची तरतूद झाली. पुढे चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. ‘जबाबदारी सर्वांची, परंतु भार कुवतीनुसार’ हे तत्त्व त्याच वर्षी रिओच्या जाहीरनाम्यात आले. माँट्रियल कराराला आज जगातील सर्व राष्ट्रांची मान्यता आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. विज्ञानाने इशारा दिला, लोकमताने रेटा दिला; परंतु संकेताचा नियम झाला तो खर्चाची वाटणी ठरल्यावर.

हवामानबदलाच्या प्रश्नात नेमकी हीच वाटणी अडली आहे. २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे ठरले. ही रक्कम अपुरी असल्याचे सांगून भारताने तेथेच आक्षेप नोंदविला. उलटपक्षी, आयात पोलाद, सिमेंट आदी मालावर कार्बनचा आकार बसविणारा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्येच केला. म्हणजे छडी तयार आहे, थैली मात्र सैल होत नाही.

कोळशावरील आपले अवलंबित्व कमी झाले पाहिजे, हे निर्विवाद. भारताने त्यात टाळाटाळ करू नये. परंतु ज्या नियमाचा भार दुर्बलांवर आणि लाभ सबलांना, त्याला नीती म्हणत नाहीत. ती जकात होय.