पैलवानाचं रक्त काय सांगतं?

कोल्हापूरच्या तालमीत दिवस पहाटेच सुरू होतो. जोर, बैठका, मग आखाड्यात लढती. दोन-अडीच तासांनी तांबड्या मातीत माखलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोर बाहेर येतं, अंगावर चार तांबे ओततं आणि उपाशीपोटी आहेच म्हणून थेट लॅब गाठतं. संध्याकाळी रिपोर्ट येतो : पांढऱ्या पेशी तेरा हजार. नॉर्मलची वरची हद्द अकरा हजारांची. घरात घबराट, आणि अँटिबायोटिकचा कोर्स चालू.

वास्तविक पोराला काहीच झालेलं नसतं. दमछाक होईपर्यंत मेहनत केली की अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात येतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल अस्थिमज्जेतून आणखी न्यूट्रोफिल काढतं. तासा-दोन तासांनी लिम्फोसाइट मात्र नेहमीपेक्षा खाली जातात. याला पूर्वी ‘प्रतिकारशक्तीची उघडी खिडकी’ म्हणत. आता काही संशोधक म्हणतात, त्या पेशी मरत नाहीत, फुप्फुसांकडे, आतड्यांकडे पहाऱ्याला जातात. वाद मिटलेला नाही, पण मला हे दुसरं म्हणणं पटतं.

तसंच रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एन्झाइम वाढलेलं दिसलं की लगेच यकृतावर संशय. ते एन्झाइम स्नायूंतही असतं, आणि पैलवानाचे स्नायू रोजच कुटले जातात!

हिमोग्लोबिनचं कोडं आणखी मजेशीर. नियमित मेहनतीनं रक्तातलं पाणी वाढतं. आमटीत डाळ तेवढीच, पाणी जास्त, तसा आकडा उतरतो. हा आजार नव्हे. पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन घसरलं असेल तर लोह खरोखर कमी पडतंय. त्याची कारणं : वाढीचं वय, घाम आणि मेहनतीनंतर काही तास चढणारं, लोहाचं शोषण अडवणारं हेप्सिडिन. कुस्ती खेळणाऱ्या मुलींत पाळीची भर. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर भागवू नये, आणि रक्त तपासायला द्यायच्या आदल्या दिवशी मेहनतीला सुट्टी द्यावी.

माझी खरी तक्रार मेहनतीबद्दल नाही, वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवण्याबद्दल आहे. 1997 साली अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे लघवीची घनता तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे की नाही हे पाहिलं जाऊ लागलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटनं रात्रभर घाम गाळला, केसही कापले, तरी काटा शंभर ग्रॅम वर राहिला. पाणी तोडलं की रक्त दाटतं. कित्येक दिवस अर्धपोटी राहून मेहनत केली की लाळेतलं, घशाची राखण करणारं आयजीए कमी होऊ लागतं आणि ऐन मैदानाच्या तोंडावर सर्दी गाठते.

त्यात अंगाला अंग घासणारा खेळ. गजकर्ण तर तालमीत घरचंच. हर्पिसचे फोड मानेवर, गालावर उठतात. बरे झाले तरी विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि शरीरावर ताण आला की पुन्हा डोकं काढू शकतो. असे फोड आलेलं पोर वस्तादानं आठवडाभर आखाड्याबाहेर बसवलं की ते रुसतं. रुसू दे.