तगरच्या गाड्या, आषाढाचा वारा

ये, ओट्यावर बस. अनवाणी नको येऊस, फरशी तापलीय. बघ, फरशीनं पाय भाजतो आणि विहिरीतलं पाणी मात्र गार. ऊन तर दोघांवर सारखंच! पण जमीन लवकर तापते, पाणी दमानं.

उन्हाळ्यात सगळा देशच अशी फरशी होतो. तापलेली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट हवा धावत येते. तेच आपलं मृगाचं वारं, मुदखेडच्या कापसाला पाणी पाजणारं. हिवाळ्यात सगळं उलटं. जमीन आधी निवते, वारा समुद्राकडं वळतो.

हे गुपित रोमी व्यापाऱ्यांच्या खलाशांनाही ठाऊक होतं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक भाषेतलं एक प्रवासपुस्तक आहे, पेरिप्लस. त्यात सांगितलंय, इजिप्तहून गुजरातच्या भडोच बंदराला यायचं तर जुलैत निघा. म्हणजे आपला आषाढ. वारा पाठीशी, शीड फुगलेलं! परतायचं हिवाळ्यात, वारा फिरल्यावर.

आणि भडोचहून काय न्यायचे? तिथं आपला मराठवाडा येतो, कान दे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं त्यात लिहिलंय. तगर म्हणजे तेर. लातूर ओलांडलं की धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठी. तिथलं साधं कापड, मलमल गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायची. बैलांची काय दशा होत असेल, ते कुणी लिहीत नाही.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक बाईची मूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेईत 1938 साली सापडली. ते गाव इसवी सन 79 साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. त्याच मुलखातली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमी गवंडी जहाजांसाठी समुद्रात बंदराचे धक्के बांधत. खाऱ्या पाण्यात आपला चुना विरघळेल, त्यांचा मात्र आणखी घट्ट होई.

"आबा, मग जहाजं येताना रिकामी यायची?"

छे! व्यापारी कधी रिकामा येतो का? द्राक्षाची दारू, तांबं, कथील, पोवळं, सोन्याचांदीची नाणी, सगळं भडोचला उतरायचं. दारूचं सोड. पोवळं घे तू.