हातभर नळीचं गणित

यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर काढून त्या जागी नुसती सरळ नळी बसवली, की आवाज गल्लीभर घुमतो आणि चढावर गाडीची ओढ मात्र कमी झालेली असते. टू-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेल्या वरोरा, मूल, ब्रह्मपुरी किंवा वडश्याच्या मिस्त्रीला हे सांगावं लागत नाही. धूर बाहेर पडायला मोकळी वाट मिळाली तर इंजिनाला जोर यायला हवा, असं आपल्याला वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं होत नाही. मॉडेल विमानाच्या इंजिनाला हेडर, म्हणजे इंजिनापासून मफलरपर्यंत धूर नेणारी वाकडी नळी, कुठून आणायची हा प्रश्न याच गोष्टीपाशी येऊन थांबतो. माझं म्हणणं असं, की ती आणायची नाही, इथेच करायची. या नळीतलं अवघड काम मापाचं नाही, वाक आणि सांधा यांचं आहे. आणि ते काम जाणणारे हात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत.

आधी नळीत काय घडतं ते पाहू. अशा छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला धुरासाठी झडप नसते. दट्ट्या खाली सरकला की सिलिंडरच्या भिंतीतली धुराची खिडकी उघडते आणि लगेच ताज्या मिश्रणाची. थोडा वेळ दोन्ही उघड्या असतात, त्यामुळे धुरासोबत ताजं मिश्रणही बाहेर सांडतं. पण खिडकी उघडताना जो दाबाचा धक्का बसतो तो लाटेसारखा नळीतून पुढे धावतो. हेडरला पुढे जोडलेल्या पाइपचा, म्हणजे ट्यून्ड पाइपचा, फुगत जाणारा भाग आधी ओढ निर्माण करून सिलिंडर साफ करतो, आणि शेवटचा निमुळता भाग त्या लाटेला मागे परतवतो. परतलेली लाट खिडकी मिटण्याच्या अगदी आधी पोहोचली, तर सांडलेलं मिश्रण ती पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात मोटरसायकलींच्या शर्यतींसाठी हे तंत्र घासूनपुसून तयार केलं. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि तंत्रही त्याच्याबरोबर जपानला गेलं. मॉडेल विमानांच्या वेगस्पर्धांतही असे पाइप १९६० च्या दशकातच दिसू लागले.

आता माप. १० सीसीचं मिथेनॉलवर चालणारं इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ५ मिलिसेकंद लागतात. धुराची खिडकी त्यातले साधारण १५० अंश उघडी राहते, म्हणजे २ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास धरला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे ९४ सेंटिमीटर जाते. जाऊन परत यायचं असल्यामुळे दट्ट्यापासून परतीच्या जागेपर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे ४७ सेंटिमीटर. आपल्या जुन्या मापात जवळजवळ एक हात. कारखान्याच्या अचूकतेशिवाय हे साधायचं नाही, असा आक्षेप इथे हमखास येतो. पण ४७ सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर चुकला, तर मेळ बसण्याची जागा सुमारे अडीचशे फेऱ्यांनी सरकते. शिवाय हेडर आणि पाइप यांच्यामध्ये सिलिकॉनची बाही असते. नळी सुरुवातीला मुद्दाम लांब ठेवायची आणि प्रत्येक चाचणीनंतर चार-पाच मिलिमीटर कापत जायची. ज्यांना ट्यून्ड पाइप नको, नुसता मफलर विमानाच्या पोटाखाली न्यायचा आहे, त्यांना तर एवढंही गणित लागत नाही. कानस आणि पट्टी हाताळता येणाऱ्या माणसाला हे माप जड नाही.

हेडर दगा देतो तो दुसरीकडे. मिनिटाला बारा हजार हादरे आणि वर उष्णता यांनी नळी फ्लँजपाशी, म्हणजे इंजिनाला बोल्टांनी बसणाऱ्या पट्टीपाशी, चिरते किंवा सांधा सुटतो. कथलाने झाळलेला सांधा १९० अंशांच्या आसपास वितळतो आणि इंजिनालगतची नळी त्याहून तापते. ते झाळकाम इथे निरुपयोगी. तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण तापली की मऊ पडते आणि हादऱ्यांनी तडकते. बारीक भिंतीची साधी पोलादी नळी सर्वांत भरवशाची. जीआय नळी मात्र घेऊ नये, कारण तापवताना तिच्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि तापाने माणूस अंथरूण धरतो. वाक देताना नळी चपटी होऊ नये म्हणून ती रेतीने ठासून भरतात आणि दोन्ही टोकं लाकडी खुंट्यांनी बंद करतात. वैनगंगेची असो की वर्धा नदीची, ती रेती आधी तव्यावर खडखडीत भाजलेली हवी. ओल राहिली तर आत वाफ होऊन खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. शिवण असलेली नळी वाकवताना शिवण बाजूला ठेवायची, वाकाच्या पाठीवर नाही. मग फ्लँज. तीन मिलिमीटरच्या पोलादी पट्टीला इंजिनाच्या खिडकीएवढं भोक कानशीने पाडायचं, त्यात नळी घट्ट बसवायची आणि सांधा चांदीच्या मिश्रधातूने झाळायचा. तो साडेसहाशे अंशांच्या वर वितळतो, म्हणून इंजिनावर टिकतो. हे काम सराफ्यातला कारागीर रोज करतो: टाकणखार पाण्यात कालवून लावतो, ज्योत सांध्यावर न रोखता आजूबाजूचा धातू तापवतो आणि चांदी आपोआप फटीत ओढली जाण्याची वाट पाहतो. त्या एका क्षणी पांढुरका टाकणखार काचेसारखा पारदर्शक होतो आणि सांध्याभोवती चमकती रेघ धावते. स्टेनलेस नळीला टाकणखार पुरत नाही. तिला वेगळं फ्लक्स किंवा टिग वेल्डिंग लागतं. घुग्घुस, बल्लारपूर, भद्रावतीच्या खाणी आणि कारखान्यांभोवती वेल्डिंगवर पोट भरणारे कुशल लोक आहेत, आयटीआयमधून दरवर्षी नवे फिटर आणि वेल्डर बाहेर पडतात. त्यांच्यासाठी हा तासा-दोन तासांचा उद्योग आहे.

तयार हेडर मागवता येतो, मग हा खटाटोप कशाला, असं विचारलं जाईल. मिळतो, पण सगळ्या इंजिनांसाठी नाही. हेडर ही इंजिनापरत्वे बदलणारी वस्तू. दोन बोल्टांमधलं अंतर आणि खिडकीचा आकार जुळला नाही तर ती फुकट. कपाटात पडून असलेल्या जुन्या इंजिनांचे कितीतरी कारखाने बंद पडले आहेत. गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन मोठ्या विमानावर चढवणाऱ्यांना तर मुळातच तयार हेडर सापडणं कठीण. बाहेरून आणायचा म्हटलं तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून खर्च वस्तूहून वरचढ होऊ शकतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप विजेच्या मोटरचा आहे. मोटर आणि लिथियम बॅटरीने ही सारी घाणेरडी, तेलकट कटकट संपवली, हे खरंच आहे, आणि ज्याला फक्त विमान उडवायचं आहे त्याने मोटरच घ्यावी. पण एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे तो नुसतं उडवण्यासाठी नाही. यंत्र कळावं म्हणून आहे. लाटेचा वेग, उष्णतेने धातूचं वाढणं, थकून चिरणं या गोष्टी वहीत लिहून घेणारा विद्यार्थी दोनशे ग्रॅमहून हलकी नळी स्वतः करतो, तेव्हा त्या त्याच्या बोटांत उतरतात. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की एखाद्या तालुक्याची आयटीआय, एवढ्या थोड्या पैशांत एवढं शिकवणारं दुसरं काम मला सुचत नाही.

आणि या जिल्ह्यांत हेडर नीट असण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे जंगल. गडचिरोलीचा बहुतांश भूभाग वनाखाली आहे आणि चंद्रपूरला ताडोबा-अंधारी आहे. मार्च ते मे या काळात सागाचा पाचोळा वाळून करकरीत होतो. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली छोटी आगही डोंगर पेटवते. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही. सुटलेल्या सांध्यातून गरम धूर आणि तेल विमानाच्या लाकडावर आलं, किंवा तापलेली नळी घेऊन विमान पाचोळ्यात पडलं, तर काय होईल हे वनरक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून उन्हाळ्यात अशी विमानं मोकळ्या, झाडलेल्या मैदानावरच, पाणी आणि वाळूच्या बादल्या हाताशी ठेवून उडवावीत. अभयारण्यांत आणि त्यांच्या कडेला ती उडवूच नयेत. गडचिरोलीत कुठेही उडवण्याआधी पोलिसांना विचारावं. आवाजाचंही तसंच. १९८० च्या दशकात कसरती विमानांच्या स्पर्धांत आवाजाचे नियम कडक झाले, तेव्हा स्पर्धकांनी लांब हेडर, मोठा पंखा आणि कमी फेरे हा मार्ग धरला: ताकद तीच, किंकाळी कमी. म्हणजे लांब नळी ही जोरासाठीच असते असं नाही. आजूबाजूची गावं आणि जनावरं यांना कमी त्रास व्हावा म्हणूनही ती हवी.

नळी तयार झाल्यावर तपासणी सोपी आहे. एक टोक बंद करून ती बादलीत बुडवायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. बुडबुडा दिसला तर सांधा पुन्हा ज्योतीखाली. नंतर इंजिनावर चढवून दहा मिनिटं चालवायचं. इंधनात एरंडेल असेल तर ते गळतीच्या जागी जळून तपकिरी रेघ उमटवतं. फ्लँजच्या कडेला अशी रेघ आली, तर बोल्ट आणखी आवळू नयेत. पट्टी काढावी, काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर ती सपाट होईपर्यंत घासावी, आणि रेघ उमटायची थांबेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावं.