पेशीपटलातला मेद आणि निरोपांचं रसायन

शाळेच्या पुस्तकात पेशीपटलाची ओळख ‘निवडक्षम पारपटल’ अशी होते. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, ते हे पटल ठरवतं. ही ओळख बरोबर आहे, पण अपुरी. आपल्यापैकी बहुतेकांचं पेशीपटल तिथेच थांबतं.

गैरसमज: पटलातला मेद म्हणजे नुसतं कुंपण, कामं करतात ती प्रथिनं.

वस्तुस्थिती: पटलाच्या आतल्या बाजूला पीआयपी-२ नावाचा मेद असतो. पटलातल्या एकूण मेदात त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. काही संप्रेरकं आणि चेतापारेषकं पेशीबाहेरून ग्राहीला चिकटली की फॉस्फोलिपेज सी हे विकर सक्रिय होतं आणि पीआयपी-२ चे दोन तुकडे करतं. आयपी-३ हा तुकडा पाण्यात विरघळतो. तो पेशीद्रवात जाऊन आंतर्द्रव्यजालिकेतल्या कॅल्शिअमच्या वाटा उघडतो. डायअसाइलग्लिसरॉल हा दुसरा तुकडा पटलातच राहतो आणि प्रोटीन कायनेज सी या विकराला कामाला लावतो. संप्रेरक बाहेरच राहिलं, आतला निरोप पटलाच्याच मेदातून घडला. अशा रेणूंना दुय्यम संदेशवाहक म्हणतात.

पेशीद्रवातलं कॅल्शिअम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी राखलेलं असतं. म्हणूनच थोडंसं सुटलं तरी पेशीला ते लगेच कळतं. स्वादुपिंड पाचकरस सोडतं, रक्तवाहिनीचा स्नायू आवळतो. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते फलनाच्या वेळी घडणारं. शुक्रपेशी आपल्याबरोबर फॉस्फोलिपेज सी-झीटा हे विकर अंडपेशीत नेते. त्यातून कॅल्शिअमच्या लाटांमागून लाटा उठतात आणि थबकलेली अंडपेशी पुढच्या वाढीला लागते. आपल्या प्रत्येकाची सुरुवात अशी झाली आहे.

गैरसमज: हे सगळं जनुकांच्या युगातलं नवं ज्ञान आहे.

वस्तुस्थिती: माबेल आणि लोवेल होकिन या दांपत्याने 1953 मध्येच पहिला धागा पकडला होता. कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना त्यांनी अ‍ॅसिटिलकोलिन दिलं, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस पटलातल्या मेदात भराभर शिरू लागला. मेद तुटत होता आणि पुन्हा बांधला जात होता, पण कशासाठी, हे उमगत नव्हतं. 1975 मध्ये रॉबर्ट मिचेल यांनी त्याचा संबंध कॅल्शिअमशी जोडला. आयपी-३ मुळे पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शिअम सुटतं, हे मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवलं, तेही पुन्हा स्वादुपिंडाच्याच पेशींत. एका निरीक्षणाचा अर्थ लागायला तीस वर्षं गेली. मूलभूत संशोधनाकडे ‘याचा उपयोग काय’ म्हणून लगेच हिशोब मागणाऱ्यांनी ही तीस वर्षं लक्षात घ्यावीत.

गैरसमज: संदेशवाहक म्हणजे तो फिरणाराच.

वस्तुस्थिती: डायअसाइलग्लिसरॉल पटल सोडत नाही. पीआयपी-२ पासूनच बनणारा पीआयपी-३ हा मेदसुद्धा सोडत नाही. तो जिथे तयार होतो तिथे प्रथिनं त्याच्याकडे येतात.

गैरसमज: निरोप पोचला की काम संपलं.

वस्तुस्थिती: निरोप पुसावाही लागतो. पीआय-३ कायनेज हे विकर पीआयपी-२ ला एक फॉस्फेट जोडून पीआयपी-३ बनवतं आणि त्यातून पेशीला वाढीचा इशारा मिळतो. पीटेन हे विकर तोच फॉस्फेट काढून इशारा थांबवतं. पीटेन निकामी झालं किंवा कायनेजमध्ये बिघाड झाला, की इशारा चालूच राहतो. अनेक कर्करोगांत नेमकं हेच आढळतं. म्हणूनच या कायनेजला रोखणारं अल्पेलिसिब हे औषध काही प्रकारच्या स्तनांच्या कर्करोगावर वापरतात; अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. पण इन्शुलिनचा निरोपही याच विकरामार्फत पेशीत पोचतो. त्यामुळे हे औषध घेणाऱ्या अनेकांची रक्तशर्करा वाढते आणि उपचार सुरू असेपर्यंत ती वेळोवेळी तपासावी लागते.